स्टीफन हेंड्री यांचे ‘क्यू टिप्स’: शिकवणीपेक्षा गप्पा सरस

स्नूकरचे सात वेळा विश्वविजेते ठरलेले स्कॉटलंडचे स्टीफन हेंड्री यांची ‘क्यू टिप्स’ ही यूट्यूब वाहिनी मी काही महिने नियमितपणे पाहतो आहे. नावावरून ती शिकवणी वाटते आणि काही अंशी ती आहेही. परंतु क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, धरायची कशी, एवढेच ज्याला शिकायचे आहे, त्याने आधी जवळचा क्लब गाठावा.

हेंड्री यांच्या खेळाचे मर्म एका फटक्यात सांगता येते. निळा चेंडू पॉट करतानाच, म्हणजे टेबलाच्या खिशात घालतानाच, पांढरा चेंडू लाल चेंडूंच्या गठ्ठ्यावर आदळवून तो फोडायचा आणि टेबलावरच्या त्याच एका खेपेत फ्रेम, म्हणजे सामन्यातला एक डाव, जिंकायची. १९९० साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी ते विश्वविजेते झाले, ते याच धाडसाच्या बळावर. टेबलापाशी उभे राहून ते फटक्यामागचा विचार उलगडतात, तेव्हा समालोचकांकडून वर्षानुवर्षे न कळलेली गोष्ट मिनिटभरात कळते. मात्र व्यावसायिक स्पर्धांच्या टेबलांवरचे कापड वेगवान असते; आमच्या क्लबातले झिजलेले कापड पावसाळ्यात इतके जड होते की, हाच फटका मारला तर पांढरा चेंडू गठ्ठ्यापर्यंत पोहोचता पोहोचताच दमतो. हा दोष अर्थातच हेंड्री यांचा नव्हे.

वाहिनीची खरी श्रीमंती पाहुण्यांशी होणाऱ्या गप्पांत आहे. जुने प्रतिस्पर्धी जिमी व्हाइट यांच्यासोबतचा भाग पाहताना तर मी अनेकदा थांबून मागे गेलो. व्हाइट यांनी गमावलेल्या विश्वस्पर्धेच्या सहा अंतिम सामन्यांपैकी चार हेंड्री यांच्याविरुद्धचे होते. १९९२ मध्ये व्हाइट १४-८ असे पुढे असताना हेंड्री यांनी सलग दहा फ्रेम जिंकून सामना खिशात घातला. १९९४ मध्ये डाव्या कोपराचे हाड मोडलेले असतानाही ते १८-१७ असे जिंकले, कारण निर्णायक फ्रेममध्ये व्हाइट यांचा काळा चेंडू हुकला. हे आकडे ठाऊक असलेल्याला त्या दोघांना हसतखेळत एका टेबलाभोवती फिरताना पाहून थोडे गलबलून येते.

उतरणीची वर्षेही जाणून घेऊन मगच ही वाहिनी पाहावी. क्यू सरळ पुढे जाईनासा झाल्याचे हेंड्री यांनी जाहीरपणे सांगितले आहे. २०१२ च्या विश्वस्पर्धेत १४७ चा ब्रेक, म्हणजे एका खेपेतले कमाल गुण, करूनही ते पुढे स्टीफन मॅग्वायर यांच्याकडून १३-२ असे हरले आणि निवृत्त झाले. नंतरच्या पुनरागमनात जुना हात काही सापडला नाही.

वाहिनी विनामूल्य आहे, जाहिराती मात्र सोसाव्या लागतात. स्कॉटिश उच्चार कानाला सरावेपर्यंत उपशीर्षके सुरू ठेवावीत.