जड गिअरला कोणतं तेल: ईपी ९०, ८०डब्ल्यू-९० की ७५डब्ल्यू-९०?

तेल बदलण्याआधी एक गोष्ट करा. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, रिव्हर्स करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. तिथे कितीही भारी तेल ओता, काही उपयोग नाही. बंद इंजिनावरही लिव्हर अडखळत असेल तर लिंकेजचे (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश किंवा केबल बघा. गाडी गरम झाल्यावरही एकाच गिअरला ‘कर्र’ येत असेल तर सिंक्रोची रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी कडी, गेली. यातलं काहीच नसून सकाळचे पहिले तीन-चार किलोमीटर सेकंड जात नाही, आणि मग आपोआप सुरळीत पडायला लागतो, तर दोष तेलाकडे जातो. पुढचं सगळं याच तक्रारीपुरतं आहे.

आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात बहुधा दोनच डबे समोर येतात: ईपी ९० आणि ८०डब्ल्यू-९० जीएल-५. (ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारं; जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या वापराप्रमाणे ठरलेल्या प्रती.) तिसरं, म्हणजे ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक, अमरावती-नागपूरहून मागवावं लागतं.

जीएल-५ आधी बाजूला काढू. ‘पाच नंबर चारपेक्षा वरचा’ हे काउंटरवरचं वाक्य गिअरबॉक्सच्या बाबतीत चुकीचं आहे. जीएल-५ हे पिकअप-बोलेरोच्या मागच्या डिफरन्शियलसाठी (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरांच्या डब्यासाठी) असतं. तिथले हायपॉइड दात एकमेकांवर घसरत चालतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचं रसायन जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतं. गिअरबॉक्समधली पितळी सिंक्रो रिंग मात्र पोलादी कोनला (गिअरच्या निमुळत्या भागाला) घासूनच वेग जुळवते. तिला घसरू दिलं की दात आपटतात, आणि तो आवाज तळव्याला लिव्हरमधून कळतो. वर तेल तापलं की गंधक पितळ काळं करून हळूहळू खातो. हल्लीच्या काही जीएल-५ तेलांत पितळ जपणारी रसायनं असतात, मान्य. पण निसरडेपणा राहतोच. गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला एकाच ड्रममधून तेल भरणारं गॅरेज असेल तर तिथेच विचारून घ्या. सुट्या तेलाच्या ड्रमवरचं लेबल सहसा वाचण्यासारखं उरलेलं नसतं. इंजिन पुढे आडवं असलेल्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, पण त्याचे दात साध्या हेलिकल, म्हणजे तिरप्या कापाच्या, जातीचे असतात. त्यामुळे तिथेही जीएल-५ ची गरज नाही.

मग खरी लढत ईपी ९० आणि ७५डब्ल्यू-९० मध्ये. ईपी ९० बहुतेक जीएल-४ असतं, तरी डबा फिरवून बघा, काहींवर ५ छापलेलं सापडतं. स्वस्त आहे, कुठेही मिळतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दोन्ही तेलांत हाताला फरक लागत नाही. लागणारही नाही, कारण दोन्हीवरचा ९० हा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा आहे. उन्हाळ्यापुरतं बघायचं तर ईपी ९० ला नाव ठेवायला जागा नाही.

माझा कौल ठरतो तो डिसेंबरच्या पहाटेवर. पारा आठ-दहावर, संत्र्याचे क्रेट भरून वरुडहून निघालेली पिकअप, फर्स्टमधून सेकंडला घेतली की लिव्हर गेटच्या तोंडाशी थांबतो. दाबून धरला तर एका क्षणाने आत जातो, घाई केली तर करकरतो. कारण साधं आहे. सिंक्रो रिंगच्या आतल्या बारीक खाचांनी कोनवरचा तेलाचा पापुद्रा पुसून काढला तरच पकड बसते, आणि गारठलेलं जाड तेल त्या खाचांतून लवकर हटत नाही. थर्डवरून सेकंडला उतरताना त्यात भर पडते. काउंटर शाफ्टचा (बॉक्समधल्या जोडदांड्याचा) वेग तेव्हा वाढवायचा असतो आणि जाड तेल त्याला मागे धरतं. परतवाड्याहून सकाळी चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

‘७५डब्ल्यू’ हा आकडा (डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा) उणे ४० अंशांच्या चाचणीवरून येतो, ‘८०डब्ल्यू’ उणे २६ वरून. वऱ्हाडात असली थंडी कुठली? तरीही फरक पडतो, कारण सिंथेटिक तेल गारव्यात कमी जाड होतं. ४० अंशांवर ईपी ९० ची जाडी साधारण १८० सेंटिस्टोकच्या (हे जाडीचं माप) आसपास असते, सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० ची शंभराच्या आगेमागे. दहा अंशांवर ही दरी कितीतरी रुंदावते. किंमत बरीच जास्त पडते, पण गिअरबॉक्सला लागतं दीड ते अडीच लिटर, तेही वर्षानुवर्षांतून एकदा. माझ्या गाडीत ७५डब्ल्यू-९० च आहे.

दोन अपवाद. गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-८० लिहिलं असेल तर तेच घाला. अशा बॉक्समध्ये कुणी ईपी ९० भरून ठेवलं असेल तर जडपणाचं कारण सापडलंच समजा. आणि लाखावर चाललेल्या बॉक्समधून बेअरिंगची घरघर येत असेल तर पातळ तेलाने ती जास्त ऐकू येते. तिथे ईपी ९० वर राहणं कदाचित शहाणपणाचं. ट्रॅक्टर या हिशोबात धरू नका. ऑइल ब्रेकवाल्या ट्रॅक्टरला यूटीटीओ (गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिकचं एकत्र तेल) लागतं, गिअर तेलाने ब्रेक थरथरतात.

बदलताना गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून सपाट जागी लावा. आधी वरचा भरायचा प्लग सैल करा. तोच अडला आणि तेल खाली सांडलेलं असलं तर गाडी तिथेच उभी राहील. जुनं तेल पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात तिरपं धरा. चुंबकी प्लगवरचा करडा चिखल चालतो. तेलात सोनेरी चमचम दिसली तर ते रिंगचं पितळ. तांब्याचा वायसर नवा टाका. भोकातून धार येऊन थेंबावर थांबली की प्लग लावा. घट्टपणा कमी करणारी कुठलीही पावडर किंवा बाटली वरून ओतू नका, ती जीएल-५ चंच काम करते. शे-दोनशे किलोमीटरनंतरच्या पहाटेही सेकंड करकरला, तर बॉक्स खाली उतरवून रिंग बघावी लागेल.