विहिरीचं पाणी काळं करून दाखवणाऱ्यांपासून सावध राहा

गावी घरची म्हातारी माणसं एकटी राहत असतील आणि पाणी स्वतःच्या विहिरीचं असेल, तर हे त्यांना फोनवर वाचून दाखवा. आमच्या काका-काकींचे ३८ हजार रुपये ज्या पद्धतीने गेले, त्याच पद्धतीने वाडीत आणखीही घरांतून पैसे काढले गेलेत. माणसं तीच, पेटी तीच आणि बोलणंही तेच.

काका-काकी गुहागर तालुक्यात असतात. दोघांनी सत्तरी ओलांडलीय. मुलगी पुण्याला, आम्ही पुतणे मुंबईला. गणपती आटोपून चाकरमानी परतले की वाडी रिकामी होते, आणि हे लोक नेमके तेव्हाच आले. दोन तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म. "काकी, पाणीतपासणी चालू आहे, पैसे लागत नाहीत," म्हणत पडवीत येऊन बसले. तेव्हा नळाला खरंच तांबूस पाणी येत होतं, मोटारही नीट पाणी उचलत नव्हती. काकीला वाटलं, बरे देवासारखे आले.

त्यांनी काचेचे दोन ग्लास मागितले. एकात विहिरीचं पाणी भरलं, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. वर एक छोटं यंत्र ठेवलं, त्याच्या सळ्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या आणि पिन बोर्डात घातली. थोड्या वेळात विहिरीच्या पाण्याला हिरवट झाक आली, मग ते मातकट झालं, वर काळपट फेस धरला, तळाला गाळ बसला. बाटलीतलं पाणी जसंच्या तसं. "हे रोज पिताय तुम्ही. मुतखडा, कॅन्सर सगळं यातूनच होतं." काकांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यानंतर त्या दोघांना फारसं बोलावंच लागलं नाही.

ती घाण पाण्यात नव्हती, सळ्यांतून आली होती. त्या यंत्रात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या सळ्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा हिरवा, तांबडा, काळा साका होतो. क्षार प्रत्येक चांगल्या पाण्यात असतात, असायलाच हवेत. बाटलीतल्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. असं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. मी मागवलं आणि दिवाळीत काकीसमोर लावलं. त्या दोघांनी तिला विकलेल्या पाणी शुद्ध करायच्या मशीनचं पाणी ग्लासात घेतलं, ते तसंच राहिलं. मग त्यात चिमूटभर मीठ टाकलं. बघता बघता ते विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त काळं झालं. काकी बराच वेळ ग्लासाकडे बघत होती. "म्हणजे आपल्या विहिरीला काहीच झालं नव्हतं?" सासऱ्यांनी खणलेल्या, चिरे बांधून काढलेल्या त्या विहिरीचं पाणी तिने तोपर्यंत पिणं सोडलं होतं, जारचं पाणी विकत घेत होती. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

विकलं काय, तर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) आणि आरओ (विरघळलेले क्षार गाळून काढणारं मशीन) मिळून २६ हजार. आता हे बघा. आपल्याकडे कोकणात जांभ्या दगडातलं पाणी बहुतेक ठिकाणी मुळात मऊ असतं. काकीच्या तांब्याच्या बंबात इतक्या वर्षांत पांढरा थर धरलेला नाही, साबणाला फेस भरपूर येतो. असल्या पाण्याला सॉफ्टनर कशाला? विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, आमच्या विहिरीत लिटरला १४० मिलिग्रॅम भरले. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत चालतात. आरओ लागतो तो पाणी खारं झालं तर. खाडीकाठच्या काही विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, त्यांचं वेगळं. आमच्या मशीनचा फिल्टर तांबड्या गाळाने लवकरच तुंबला, आणि तोवर बिलावरचा नंबर बंद झालेला होता.

तांबूस पाण्याचं कारण तर घरातच सापडलं असतं. रहाटाने कळशीभर पाणी काढून बघायचं. कळशीत नितळ आणि नळाला तांबडं, तेही सकाळी पहिल्या धारेला जास्त, तर गंज लोखंडी पाइपात आहे. जांभ्यातलं पाणी थोडं आम्ल असतं, जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप ते खातं. आमच्याकडे हेच होतं, न्हाणीपर्यंतचा पाइप बदलल्यावर पाणी साफ झालं. कळशीतलं पाणी काढताना नितळ पण ठेवल्यावर तांबडं होत असेल, तर पाण्यातच विरघळलेलं लोह आहे, आणि त्यासाठी लोह काढणारा फिल्टर वेगळा असतो. पावसात कळशीतही लगेच गढूळ आलं तर बाहेरचं पाणी विहिरीत उतरतंय, कठडा आणि भोवतीचा गिलावा बघा.

मोटारीचं तर सरळ लुबाडणंच. "जळलीय" म्हणून १२ हजारांची नवी बसवली आणि जुनी एक्स्चेंज म्हणून घेऊन गेले. नवीही पाणी उचलेना. शेवटी गावातल्या प्लंबरने पाइप वर ओढला, तर पाइपाच्या तळाला पाणी परत जाऊ न देणारा जो फूट व्हॉल्व्ह असतो, त्याच्या झडपेत कुजलेलं पान आणि रेती अडकलेली. झडप बसत नव्हती, पाणी परत विहिरीत उतरत होतं. साफ करून, वॉशर बदलून मोटार चालू झाली. मोटार चालते पण पाणी येत नाही, तेव्हा वरून प्रायमिंगचं, म्हणजे सुरू करण्याआधी मोटारीत आणि पाइपात ओततात ते पाणी भरून बघा. ते खाली उतरत गेलं तर आधी फूट व्हॉल्व्ह तपासायचा. नुसती गुणगुणते, फिरत नाही, तर बरेचदा मोटार फिरायला सुरुवात करून देणारा कपॅसिटर गेलेला असतो, तो स्वस्तात मिळतो. आणि मे महिन्यात पाणी खोल गेलं की काठावरची मोटार सात-आठ मीटरच्या खालून ओढू शकत नाही, तिथे कुठलीही नवी मोटार काठावर बसवून उपयोग नाही. जुनी मोटार दुसऱ्याने उघडून बघेपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका.

पाण्याचा खरा धोका डोळ्यांना दिसत नाही, तो जंतूंचा. विहिरीजवळ संडासाचा खड्डा असेल तर तो जास्तच. ती तपासणी ग्लासात सळ्या घालून होत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे नमुना कसा पाठवायचा ते तो सांगेल. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणायचं, म्हणजे किती हजार लिटर ते कळतं. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे १४० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि अर्धा तास पाणी काढायचं नाही.

काकांनी पैसे रोख दिले, बिलावर जीएसटी क्रमांक नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि पोलिसांत तक्रार दिलीय, पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्या वाडीत असं कुणी आलं तर गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा आणि ते दारात असतानाच पोलीसपाटलांना फोन लावा.