स्विचवरील क्यूओएस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आयपी फोन, व्हिडिओ बैठका आणि सर्व्हरचे बॅकअप ही सारी वाहतूक आमच्याकडे प्रत्येक अ‍ॅक्सेस स्विचच्या (ज्याला ही उपकरणे जोडलेली असतात) १ गिगाबिटच्या एकाच अपलिंकवरून, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीवरून, जाते. त्यामुळे काही महिन्यांपूर्वी या स्विचवर ट्रॅफिकचे वर्गीकरण आणि क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे कोणत्या वाहतुकीला किती प्राधान्य द्यायचे याची) पॉलिसी सुरू केली. आज माझे मत असे आहे की, कोणत्या क्यूला (पॅकेटच्या रांगेला) अपलिंकचे किती टक्के द्यायचे यापेक्षा कोणत्या पोर्टवरच्या मार्किंगवर (पॅकेटवर लिहिलेल्या प्राधान्याच्या खुणेवर) विश्वास ठेवायचा, हा निर्णय कितीतरी महत्त्वाचा आहे. कोणताही संगणक आपल्या पॅकेटवर डीएससीपी (पॅकेटच्या हेडरमधील ही खूण) ४६, म्हणजे आवाजासाठीचे ईएफ मूल्य, सहज लिहू शकतो. म्हणून आम्ही ट्रस्ट, म्हणजे मार्किंगवरचा विश्वास, फक्त फोनपुरता ठेवला असून बाकी सर्वांचे मार्किंग पोर्टवरच शून्यावर आणले जाते.

आवाजासाठीच्या स्ट्रिक्ट प्रायॉरिटी क्यूला मर्यादा घालणे मला अनिवार्य वाटते, कारण ती क्यू रिकामी होईपर्यंत इतरांची पाळीच येत नाही. जी.७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा) एक कॉल सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो आणि आयपी पातळीवर एका दिशेने सुमारे ८० किलोबिट घेतो; म्हणजे १०० कॉल एकाच वेळी चालले तरी ८ मेगाबिट पुरतात. एवढ्या छोट्या गरजेसाठी अपलिंकचा मोठा हिस्सा राखण्याचे कारणच उरत नाही.

सर्वांत मोठा लाभ बॅकअपच्या वेळी झाला. पाच मिनिटांच्या सरासरी आलेखात अपलिंक निवांत दिसत असे, तरीही क्षणभराच्या झोतांनी बफर (पॅकेट थांबवून ठेवण्याची जागा) भरून आवाज तुटत असे. आता ड्रॉपचा (टाकून दिलेल्या पॅकेटचा) आकडा केवळ बॅकअपच्या क्यूमध्ये वाढतो आणि टीसीपी (बॅकअपचा डेटा पाठवणारी संवादपद्धती) स्वतःहून वेग कमी करते.

उणिवाही आहेत. डीएससीपीची मूल्ये ६४, पण आमच्या स्विचमध्ये क्यू चारच असल्याने व्हिडिओ आणि कॉल जोडणारे सिग्नलिंग एकत्र ठेवावे लागले. शिवाय पॉलिसीतील क्लास (वर्गीकरणाचे नियम) वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, त्यामुळे व्यापक नियम वर गेला की खालचा नियम निमूटपणे निष्प्रभ होतो. स्विच त्याची सूचना देत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर अपलिंकवरील पॅकेट टिपून मार्किंग पाहणे आणि प्रत्येक क्यूचे काउंटर तपासणे आम्ही नियमितपणे करतो.