ओईल आणि ओक

रोमन गॉलमधील, म्हणजे ढोबळमानाने आजच्या फ्रान्समधील, बोलीभाषेच्या लॅटिनला ज्या दोन मोठ्या शाखा फुटल्या, त्यांची नावे ‘हो’ या शब्दावरूनच पडली: उत्तरेत ‘ओईल’, दक्षिणेत ‘ओक’. उत्तरेत फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीचा प्रभाव अधिक खोल होता आणि तिथले उच्चारही फार झिजले. लॅटिनमधली ‘काप्रा’, म्हणजे शेळी, फ्रेंचमध्ये ‘शेव्र’ झाली, तर दक्षिणेतल्या लांगदोक प्रांताच्या बोलीत आजही ‘काब्रा’ लिहितात. ‘विता’ म्हणजे जीवन. उत्तरेत त्यातले ‘वी’ एवढेच उरले, दक्षिणेत ‘विदा’ टिकले. लॅटिनशी जवळीक हाच निकष मानला, तर माझ्या मते दक्षिणेचे पारडे निःसंशय जड आहे. बाराव्या शतकात त्रुबादूर म्हणजे दक्षिणेतल्या गीतकार कवींनी याच ‘ओक’ भाषेला वैभव दिले. पुढे १५३९च्या राजाज्ञेने मात्र न्यायालयीन व्यवहारात पॅरिसच्या फ्रेंचचे आसन पक्के केले.