तारण: ल्यूथर आणि ट्रेंट

तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची कृपा, माणसाची कमाई नव्हे, हे दोघांनाही मान्य. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या मते माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. सत्कृत्यं मागाहून येतात, झाडाला फळं यावीत तशी. १५४७ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने ठरवलं की पहिलं पाऊल कृपेचंच, पण माणसाने होकार देऊन तिला साथ द्यायची.

मला ल्यूथर जवळचा वाटतो. येशूच्या गोष्टीतल्या, वारसा उधळून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राचंच पाहा: ‘मला चाकरासारखं ठेवा’ हे मनात घोकलेलं वाक्य तोंडातून निघण्याआधीच बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो! अर्थात, घराकडे पावलं मुलानेच वळवली होती. ट्रेंटच्या बाजूचा हा मुद्दा खोडणं अवघड. १९९९ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले ख्रिस्ती) आणि कॅथलिकांनी गाभ्याच्या मुद्द्यांवर एकमताच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.