तीन पत्ती की पोकर?

दिवाळीत बीड-लातूरकडं पत्त्यांचा फड बसतो तो तीन पत्तीचा. तीन पानं हातात, बदल नाही. न बघता ब्लाइंड खेळा, बघितली की चाल (लावायचे पैसे) दुप्पट. टेक्सास होल्डेम पोकरमध्ये दोन पानं हातात, पाच मधे उघडी: आधी 3, मग 1, मग 1. सातातून उत्तम पाच धरायची, पैसे लावायची फेरी चारदा.

तीन पत्तीवाला हमखास फसतो तो इथं: आपल्याकडं सिक्वेन्स (ओळीनं येणारी पानं) कलरच्या (एकाच चिन्हाची पानं) वर, पोकरमध्ये उलटं. तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 प्रकारे जमतात, कलर 1096; पाच पानांत सिक्वेन्स 10200, कलर 5108. दुर्मीळ तो वरचढ. (ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, 52; प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाची ओळ, 48; तरी ट्रेलच मोठी! तिथं रिवाजच चालतो.)

डोकं लावायचं तर पोकर. घरात लहान-थोर बसणार असतील तर चिंचोके लावून तीन पत्तीच बरी.