स्टीम: दुकान एक नंबर, पण मालक काही संत नाही

व्हॉल्व्ह ही गेम कंपनी तिच्या गाजलेल्या हाफ-लाइफ गेमचा तिसरा भाग कधी आणणार हे विचारायचं मी सोडून दिलंय, ही कंपनी आता गेम बनवते कमी आणि दुकान चालवते जास्त. ते दुकान म्हणजे स्टीम, कॉम्प्युटरचे गेम ऑनलाइन विकणारं. 2003 ला आलं तेव्हा लोकांनी जाम शिव्या घातलेल्या, आणि पुढच्या वर्षी हाफ-लाइफ 2 ची डिस्क विकत घेतली तरी स्टीम टाकावंच लागायचं, म्हणजे चक्क गळ्यात मारलं होतं. आज तेच लोक दुसरीकडे फुकट मिळालेला गेम सेलमध्ये स्टीमवर परत घेतात 😅 सेव्ह क्लाउडवर, मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल) वर्कशॉपमध्ये, 14 दिवसांत 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड. सवय लागते राव.

पण माझ्या मते यांचं सगळ्यात भारी काम प्रोटॉन. या सॉफ्टवेअरमुळे विंडोजसाठी बनलेला गेम लिनक्सवर (विंडोजला पर्याय असलेली फुकट सिस्टीम) चालतो, डेव्हलपरने लिनक्ससाठी वेगळा न बनवता, कारण हे वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) उभं आहे आणि विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या ग्राफिक्स कमांड चालता चालता लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून देतं. 2015 च्या स्टीम मशीन (लिनक्सवर चालणारे गेमिंग कॉम्प्युटर) आपटल्या त्या लिनक्सवर फारसे गेमच नव्हते म्हणून, मग 2018 ला प्रोटॉन आलं आणि त्याच्या जोरावर 2022 ला स्टीम डेक, हातात धरून खेळायचं यंत्र. अजूनही व्हॅलोरंट, फोर्टनाइट प्रोटॉनवर चालत नाहीत, अँटी-चीटची (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) भानगड, डेक घेण्याआधी बघून घ्या.

आता याला कुणी समाजसेवा म्हणू नका. विंडोज 8 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं स्टोअर घुसवलं तेव्हाच व्हॉल्व्हचा मालक गेब न्यूएल भडकलेला, दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटल्यावर मालक कधी बाहेर काढेल ही भीती त्याला होतीच (तो स्वतः मायक्रोसॉफ्टमधूनच आलाय), म्हणून लिनक्सचा हा खटाटोप. फायदा आपलाही झाला, ठीक.

कमिशनचं मात्र पटत नाही. गेम विकला की बनवणाऱ्याकडून एपिक हे दुसरं दुकान जास्तीत जास्त 12 टक्के घेतं, स्टीम 30. 2018 मध्ये कमी केलं, पण कुणासाठी? 1 कोटी डॉलरच्या वरच्या कमाईवर 25, 5 कोटींच्या वर 20. म्हणजे ज्याच्याकडे आधीच बक्कळ आहे त्याला सूट आणि दोघं-तिघं मिळून इंडी (मोठ्या कंपनीशिवाय बनवलेले) गेम करतायत त्यांना पूर्ण भाव, हा कुठला न्याय? शेअर बाजारात नसल्यामुळे दर तिमाहीला आकडे फुगवायचं प्रेशरही नाही यांच्यावर, मग काय अडतंय?

4 स्टार देतोय. पाचवा व्हॉल्व्हच्याच काउंटर-स्ट्राइक गेममधल्या केसेसनी (बंद पेट्या) खाल्ला, पैसे देऊन चावी घ्या आणि आत काय निघेल ते नशिबावर, पोरांच्या हातात हे नको.